पाच दिवसांची पिशवी

[दृश्य: रक्तपेढीतलं काचेचं कपाट. आतल्या फळ्या डावी-उजवीकडे सरकतायत.]

हे कपाट रात्रंदिवस हलत असतं. फळ्यांवर ज्या पिशव्या पहुडल्यात, त्यांत रक्ताचा भाग आहे हे सांगूनही चटकन पटत नाही. रंग फिकट पिवळा, जरासा गढूळ. या प्लेटलेट्स. जखम झाली की सर्वांत आधी धावतात त्या याच.

पलीकडच्या फ्रिजमध्ये तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर ४२ दिवसांपर्यंत टिकतात. प्लाझ्मा गोठवला की वर्षभराची निश्चिंती. प्लेटलेट्सना मात्र बहुतेक ठिकाणी पाचच दिवस. त्यांतलाही पहिला दीड-दोन दिवसांचा वेळ संसर्गाच्या तपासण्यांतच जातो. उरतात तीन.

मग यांनाही फ्रिजमध्ये का ठेवत नाहीत?

पूर्वी ठेवायचे. १९६९ साली मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी दाखवून दिलं, की गार ठेवलेल्या प्लेटलेट्स रुग्णाच्या शरीरात गेल्यावर फार लवकर नाहीशा होतात. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या कितीतरी जास्त टिकतात. निरोगी प्लेटलेट बशीसारखी चपटी असते. गारठली की ती गोल होते, तिला काटे फुटतात, पृष्ठभागही बदलतो. अशी प्लेटलेट यकृत ओळखतं आणि रक्तातून काढून टाकतं. पिशवीत सगळं आलबेल, आणि रुग्णाच्या अंगात दुसऱ्या दिवशी काही नाही!

म्हणून आता २० ते २४ अंश.

पण या तापमानाला प्लेटलेट झोपत नाही. ती जगते, साखर खाते, लॅक्टिक आम्ल सोडते. आम्लता वाढत गेली, पीएच ६.२ च्याही खाली घसरला, की त्या प्लेटलेट्स वाया गेल्याच म्हणायच्या. यावर उपाय निघाला तो पिशवीच्या प्लास्टिकमध्ये: ऑक्सिजन आत येऊ देणारं, कार्बन डायऑक्साइड बाहेर जाऊ देणारं प्लास्टिक. कपाट हलतं तेही याचसाठी. पेशी एका जागी साचल्या तर त्यांचा श्वास कोंडतो.

[दृश्य: तंत्रज्ञ पिशवी दिव्यासमोर धरून हलकेच फिरवते.]

हे बघा. पिशवीत धुरासारखे चमकदार भोवरे उठतायत. चपट्या पेशी प्रवाहात वळतात, तसा उजेडही वळतो. गोल झालेल्या पेशींमध्ये ही लकाकी दिसत नाही. इतकी साधी परीक्षा, एकही यंत्र लागत नाही. मला तरी या खोलीतलं सर्वांत सुंदर दृश्य हेच वाटतं.

पण या भोवऱ्यांना जंतू दिसत नाहीत. प्लेटलेट्सना मानवणारी ऊब जंतूंनाही मानवते. १९८४ मध्ये अमेरिकेने साठवणीची मुदत सात दिवसांवर नेली होती. १९८६ मध्ये ती पुन्हा पाचवर आणावी लागली, कारण जंतुसंसर्ग. जंतू येतात बहुधा दात्याच्या कातडीवरून, सुईबरोबर. म्हणून आता रक्ताची पहिली धार वेगळ्या छोट्या पिशवीत वळवतात. शिवाय जंतूंची कल्चर तपासणी करतात, किंवा अतिनील प्रकाशाने जंतू निकामी करतात. अशी खबरदारी घेऊन काही देशांत पुन्हा सात दिवस मिळू लागलेत.

आणि फ्रिज? तोही परत येतोय. गार प्लेटलेट शरीरात फार काळ राहत नाही, पण रक्तस्राव थांबवायला ती चटकन चिकटते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, सुरू असलेल्या रक्तस्रावासाठी, अशा प्लेटलेट्स १४ दिवसांपर्यंत वापरायची वाट मोकळी केली. केमोथेरपीनंतर ज्याच्या प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली गेल्यात, पण रक्त वाहत नाहीये, त्याला मात्र दिवसेंदिवस रक्तात फिरत राहणाऱ्याच हव्यात. म्हणजे हलणाऱ्या कपाटातल्या.

[दृश्य: तंत्रज्ञ मागच्या फळीवरची पिशवी पुढे आणते.]

या पिशवीचा पाचवा दिवस. मुदत मध्यरात्रीपर्यंत. टेबलावरचा फोन वाजतोय.