आषाढीचा घसा, नागपंचमीचा गुडघा : ऱ्हुमॅटिक तापाचे निदान

(सत्तरी तालुक्यातील आरोग्य कर्मचारी आणि शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

आज समोर डॉक्टरांइतक्याच परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि शिक्षक बसले आहेत, याचा मला विशेष आनंद आहे. कारण ऱ्हुमॅटिक तापाचे निदान एकट्या डॉक्टरच्या हातून क्वचितच नीट होते. या आजाराची खूण पटवणारी एकच एक चाचणी आजही जगात कुठे उपलब्ध नाही. निदान होते ते घटनांचा क्रम लावून, आणि तो क्रम मुलाच्या घरात, वर्गात आणि आपल्या केसपेपरांवर विखुरलेला असतो.

स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या ‘अ’ गटामुळे घसा येतो, तो चार दिवसांत बरा होतो आणि घरचे तो विसरूनही जातात. दोन-तीन आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती, त्या जंतूविरुद्ध उभी राहिलेली, स्वतःच्याच सांध्यांवर, हृदयाच्या झडपांवर, कधी मेंदूवर उलटते. साधारण ५ ते १५ हे त्याचे वय. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, झडपा मात्र तशा होतीलच असे नाही.

एक मुलगी मला वारंवार आठवते. दहा वर्षांची होती आणि दसरा उलटल्यावर आईबरोबर आली होती. हातातून ताट पडते, बसल्या जागी चुळबुळ करते, विनाकारण रडते, अशी तक्रार होती. मी माझी दोन बोटे तिच्या मुठीत दिली आणि घट्ट धरून ठेवायला सांगितले. मूठ आवळे, सैल पडे, पुन्हा आवळे. धार काढताना हात चालावा तशी. जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितली, तर ती क्षणात आत जाई. दप्तरातली वही पाहिली. पहिल्या पानांवरचे अक्षर ओळीत बसलेले होते, शेवटच्या पानांवरचे ओळ सोडून वरखाली धावत होते, आणि समासात लाल शाईने ‘अक्षर सुधार’ असा शेरा होता. ही कोरिया होती, म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाचाच मेंदूवर झालेला परिणाम.

मग मी आईला तारखा विचारल्या, पण इंग्रजी महिन्यांच्या नव्हे. आपल्याकडे आठवण सणांना बांधलेली असते. ‘आषाढीला दिंडीत गेली नाही, घसा दुखत होता,’ असे आई म्हणाली. नागपंचमीला उजवा गुडघा सुजला, तीन दिवसांनी तो उतरला आणि डावा घोटा धरला. आषाढी एकादशी ते नागपंचमी म्हणजे सुमारे २४ दिवस. इतके स्पष्ट वेळापत्रक पुस्तकातही सापडणार नाही. पण त्या वेळी एका दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, दोन दिवसांत सूज गेली, आणि निदानाची संधीही तिच्याबरोबर गेली. आमच्याकडे आली तेव्हा छातीच्या डाव्या टोकाला मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, ऐकू येत होती. बांबोळीला, गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, तेव्हा हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप गळत असल्याचे दिसले.

या गोळ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या औषधांनी ऱ्हुमॅटिक तापातला सांधा एक-दोन दिवसांत आश्चर्यकारक शांत होतो आणि एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणारी सूज दिसायचीच राहते. म्हणून संशय असेल आणि निदान पक्के नसेल, तोवर शक्यतो पॅरासिटामॉलवर भागवावे. मात्र ताप असलेल्या मुलाचा एकच सांधा लाल, गरम आणि हलवू न देणारा असेल, तर वाट पाहू नका. सांध्यात पू असू शकतो, मूल त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात गेले पाहिजे. पावसाळ्यात चिकनगुनियाही असतोच. तो हाताचे लहान सांधे धरतो, रेंगाळतो. ऱ्हुमॅटिक ताप गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे मोठे सांधे एकामागून एक धरतो.

डॉ. जोन्स यांनी १९४४ साली मांडलेले निकष २०१५ साली सुधारले गेले, ते आपल्या कामाचे आहेत. जिथे हा आजार अधिक आढळतो, अशा प्रदेशांसाठी उंबरठा खाली आणला आहे: एकाच सांध्याची सूजही आता प्रमुख लक्षण धरता येते, गौण लक्षणांसाठी ३८ अंश सेल्सियस ताप पुरतो, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) ३० असला तरी चालतो. मर्मर ऐकू न येताही इकोवर झडपेचा दाह दिसला, तर तो प्रमुख लक्षणांत मोजतात. दोन प्रमुख, किंवा एक प्रमुख आणि दोन गौण लक्षणे, शिवाय स्ट्रेप्टोकोकसचा पुरावा, असे पहिल्या झटक्याचे गणित आहे.

या पुराव्यापाशीच आपण फसतो. एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकोकसविरुद्धची प्रतिपिंडे मोजणारी रक्तचाचणी. तिचा आकडा २०० च्या वर गेला की कागदावर तो ठळक छापलेला असतो, पालक घाबरतात. शाळकरी वयात निरोगी मुलांमध्येही तो अनेकदा याहून जास्त असतो. घशाला जंतू लागून गेला एवढेच तो सांगतो. नुसत्या एएसओवर, लक्षणांशिवाय, ऱ्हुमॅटिक तापाचा शिक्का मारला तर त्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन किमान पाच वर्षे घ्यावे लागते. उलट कोरिया उशिरा, कधी सहा महिन्यांनी दिसते, तोवर आकडा खाली आलेला असतो. त्या मुलीचाही एएसओ सामान्यच होता.

मग केंद्रावर आपल्या हाती काय आहे? घड्याळ आहे. मूल गाढ झोपले असताना परिचारिकेने पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ताप उतरला, मूल शांत झोपले, तरी नाडी धावतच असेल, तर हृदयाला दाह झाल्याचा संशय बळावतो. ईसीजी असेल तर पीआरचे अंतर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ, वाढले आहे का, ते पाहावे. तेही एक गौण लक्षण आहे.

गोव्यात अंतरे लहान आहेत, पण रोजंदारीवर जाणाऱ्या आईसाठी बांबोळीची प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेला दिवस असतो. म्हणून ‘सांधेदुखी, एएसओ वाढलेला’ एवढीच चिठ्ठी देऊन मुलाला पाठवू नका. घसा कोणत्या सणाच्या सुमारास आला, कोणता सांधा कोणत्या दिवशी सुजला, कोणती गोळी केव्हा दिली, झोपेतली नाडी किती होती, हे चिठ्ठीवर लिहा, आणि शिक्षकांना मुलाच्या हस्ताक्षरात फरक दिसला असेल तर ती वहीही सोबत द्या.