रविवारभर बोलणारा रेडिओ

नमस्कार मंडळी,

आज रविवार, म्हणजे बहुतेकांच्या घरी आत्ता मासळी नाहीतर मटण शिजत असणार, आमच्याकडे ठाण्यात चेंदणी कोळीवाड्यात सकाळीच निवट्या आल्यात, त्या साफ करून झाल्या आणि मग मी तुमच्याशी बोलायला इथे आले. आज बोलायचंय ते रेडिओबद्दलच, पण आपल्या नाही, लांबच्या एका रेडिओबद्दल. ब्रिटनच्या बीबीसीचं रेडिओ फोर म्हणून स्टेशन आहे, ३० सप्टेंबर १९६७ ला या नावाने सुरू झालं, त्याआधी त्याला होम सर्व्हिस म्हणायचे. देशभर ऐकू जातं आणि त्याच्यावर गाणी जवळजवळ नाहीतच, सगळं बोलणं. माणसं दिवसभर बोलतात आणि माणसं दिवसभर ऐकतात.

मला ते कसं सापडलं ते सांगते. ऐरोलीला मी यूकेच्या प्रोसेसवर होते, म्हणजे तिकडच्या ग्राहकांचं काम, दुपारी दीडला लॉगिन आणि रात्री साडेदहाला सुटायचं, ट्रेनिंगमध्ये सांगितलं की तिकडच्या लोकांचं बोलणं कानात बसवायचं असेल तर हे स्टेशन लावत जा. मी रविवारी सुट्टीच्या दिवशी नेटवर लावलं, उच्चारांसाठी म्हणून, आणि मग उच्चार राहिले बाजूला, नोकरी बदलली तरी रविवारचा रेडिओ काही सुटला नाही, कारण तो एक दिवस ज्या पद्धतीने रचलाय ना, ते ऐकून मला आमच्या घरातला जुना ट्रान्झिस्टर आठवायला लागला.

तर त्यांचा रविवार पहाटे पावणेसहाच्या आसपास घंटांनी सुरू होतो. आपण त्यांच्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास पुढे, त्यामुळे माझ्याकडे तेव्हा सव्वादहा-सव्वाअकरा होतात. बेल्स ऑन संडे, दर आठवड्याला वेगळ्या चर्चच्या घंटा, दोनच मिनिटं असतील. पण त्या घंटा वाजवायची पद्धत ऐका, त्यात चाल नसते, प्रत्येक घंटेला एक माणूस दोर धरून उभा आणि दर फेरीला घंटांचा क्रम बदलत जायचा, एकदा झालेला क्रम परत येऊ द्यायचा नाही, सहा घंटा असतील तर असे ७२० क्रम होतात आणि वाजवणारे ते तोंडपाठ वाजवतात! पहिल्यांदा मला नुसता गोंगाट वाटला होता, मग कळलं आणि कान टवकारले.

आणि घंटा म्हटलं की आपलं मन वसईला जाणारच ना. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा आणल्या, त्या भीमाशंकरला आहेत, वाईजवळ मेणवलीला आहेत. नाशिकची नारोशंकराची घंटासुद्धा त्याच विजयाची आठवण, जिचं नाव आपण अजून मोठ्या आवाजाच्या माणसाला चिकटवतो. आमच्या तलावपाळीलाही एका बाजूला कौपिनेश्वराची घंटा आणि जवळच सेंट जॉन चर्चची. यातल्या एकेक घंटेचा आवाज, फक्त दोन मिनिटं, दर रविवारी सकाळी आपल्या रेडिओवर लागला तर काय बहार येईल, मला तर लगेच मेणवलीची ऐकायची आहे.

घंटा संपल्या की थोड्या वेळाने शेती. कुणाच्या तरी शेतावर जाऊन त्याच्याशीच गप्पा, चिखलात बुटांचा आवाज येतोय, मागे गाय हंबरतेय. मग धर्माच्या बातम्या, प्रार्थना, आणि आठला पाच-सहा मिनिटं असताना एखाद्या संस्थेसाठी तीन मिनिटांचं मदतीचं आवाहन, जे १९२६ पासून वेगळ्या नावाने चालत आलंय. कुणीतरी येतं, शांतपणे एका संस्थेचं काम सांगतं आणि जातं, मध्ये संगीत नाही, रडारड नाही. नंतर एका माणसाचं भाषण, अ पॉइंट ऑफ व्ह्यू, दहा मिनिटांचं, म्हणजे मी आत्ता करतेय तसंच. पूर्वी रविवारी सकाळी अॅलिस्टर कुक यांचं अमेरिकेहून पत्र ऐकू यायचं, १९४६ ते २००४, २,८६९ भाषणं, एकटा माणूस! पंच्याण्णव वर्षांचे होते शेवटचं केलं तेव्हा. मी त्यांची जुनी रेकॉर्डिंग ऐकलीत, सुरुवात कुठून तरी भलतीकडून करायचे, हवामान, गोल्फ, कुणाचं तरी जेवण, आणि आपल्याला वाटतं हे कुठे चाललेत, आणि दहा मिनिटांनी ते नेमके त्या आठवड्याच्या मोठ्या बातमीपाशी उभे असतात.

पण रविवारचं खरं माणूस गोळा होतं ते आर्चर्सला. द आर्चर्स ही मालिका आहे, अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव, तिथल्या शेतकरी कुटुंबांची गोष्ट, १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू आणि अजून चालू आहे. आठवडाभर रोजचा छोटा भाग आणि रविवारी सकाळी सगळे एकत्र. ती सुरू का झाली ते मला फार आवडतं, युद्ध संपलं होतं, अन्न रेशनवर मिळत होतं, शेतकऱ्यांनी जास्त पिकवावं, नवीन पद्धती कळाव्यात म्हणून शेतीखात्याच्या सल्ल्याने ही गोष्ट रचली, म्हणजे कथेतला बाप मुलाशी भांडता भांडता गाईच्या रोगाची माहिती देऊन जायचा. आणि बघा, त्याच काळात आपल्या पुण्यात काय चाललं होतं, १९५६ साली आकाशवाणी पुणे केंद्राने युनेस्कोबरोबर रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला, पाच जिल्ह्यांतली १५० गावं, लोक संध्याकाळी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचे आणि मग त्याच्यावर चर्चा करून प्रश्न परत केंद्राला पाठवायचे. हे आपल्याकडे झालेलं आहे हो, आपल्याच जिल्ह्यांमध्ये, आणि आपल्याला त्याची आठवणसुद्धा नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आर्चर्समध्ये पेगीचं काम करणाऱ्या जून स्पेन्सर १९५० च्या चाचणी भागांपासून होत्या आणि २०२२ ला १०३ व्या वर्षी थांबल्या. एकच बाई, एकाच भूमिकेत सत्तर वर्षांच्या वर (मधे काही वर्षं सोडून), ऐकणाऱ्यांनी तिला तरुण आई ते पणजी असं कानाने म्हातारं होताना ऐकलं. आणि २२ सप्टेंबर १९५५ ला काय झालं, त्या संध्याकाळी तिकडे पहिलं जाहिरातींचं टीव्ही चॅनल सुरू होणार होतं, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी आर्चर्समधली ग्रेस तबेल्याच्या आगीत घोड्याला वाचवायला गेली आणि वारली. दुसऱ्या दिवशी पेपरात नव्या चॅनलपेक्षा ग्रेसचीच चर्चा. आमच्या बाबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, टेकाडे भावजींना काही झालं असतं तर आम्हीपण जेवलो नसतो. ज्यांनी मुंबई केंद्राची टेकाडे भावजींची पुन्हा प्रपंच ही मालिका ऐकलीय त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको.

सकाळीच असतं डेझर्ट आयलंड डिस्क्स. २९ जानेवारी १९४२ ला सुरू, लंडनवर बॉम्ब पडून गेले होते आणि रॉय प्लॉमली नावाच्या माणसाने ही कल्पना काढली, की तुम्ही निर्जन बेटावर एकटे अडकलात तर कुठली आठ गाणी बरोबर न्याल. शेक्सपियर आणि बायबल किंवा तुमचा धर्मग्रंथ तिथे आहेच, आणखी एक पुस्तक न्या, आणि एक चैनीची वस्तू, जिचा काहीही व्यावहारिक उपयोग नसला पाहिजे. एवढंच. पण या प्रश्नाने माणूस असा काही उलगडतो, मंत्री असो की शास्त्रज्ञ, चौथ्या गाण्यापर्यंत तो त्याच्या आईबद्दल बोलायला लागलेला असतो. आणि सुरुवातीच्या धूनमागे कुरवांचा आवाज आहे, तेच आपल्या खाडीवर थंडीत येणारे पांढरे पक्षी असतात ना तसे.

मी एका रविवारी बाबांना हा प्रश्न विचारला. दोन तास झाले. गाण्यांमध्ये पालखीची दोन, धवलारणीने माझ्या आत्याच्या लग्नात म्हटलेला धवला, भजनी मंडळाचे अभंग, आणि एकेका गाण्याबरोबर कोण माणसं, कुठली होडी, कुठल्या वर्षीचा पाऊस, मला माहीतच नव्हतं यातलं काही, चाळीस वर्षं एका घरात राहून. वस्तू विचारली तर म्हणाले जाळं. म्हटलं उपयोगाची नाही चालत. मग संध्याकाळपर्यंत गप्प, आणि दिवाबत्तीच्या वेळी म्हणाले, आईची चहाची किटली, रिकामी असली तरी चालेल. ती घेऊन आई बंदरावर यायची.

तुम्हीही विचारून बघा घरातल्या मोठ्यांना, आजच.

दुपारी बागवाल्यांचा कार्यक्रम, १९४७ पासूनचा, तज्ज्ञ गावोगाव जाऊन हॉलमध्ये बसतात आणि लोक उठून विचारतात की माझ्या गुलाबाला हे काय झालंय. पूर्वी मध्येच जेवणाबद्दलचाही असायचा, १९७९ पासूनचा, पण त्यात रेसिपी कमी आणि अन्न पिकवतं कोण, विकतं कोण, परवडतं कुणाला हे जास्त. मग पुस्तकं, नाटक, आठवड्यातलं निवडक, आणि रात्री दहाला बिग बेनचे टोल पडले की बातम्या आणि राजकारण.

यातलं निम्मं मी स्वतःहून कधीच शोधलं नसतं. मोबाइलवर आपण जे शोधतो तेच मिळतं आणि मग परत तसंच मिळत राहतं, घंटांचे ७२० क्रम मी कशाला सर्च करणार होते? लागलं होतं म्हणून कानावर पडलं. बाबा सांगतात आमच्याकडे पोस्टात रेडिओचं लायसन्स भरायचे, आणि मग एकदा लावला की कामगारसभा, वनिता मंडळ, बाजारभाव, नाट्यसंगीत, जे येईल ते घरात सगळे ऐकायचे. तिकडे ब्रिटनमध्ये अजून घरटी लायसन्स फीवर हे चालतं, म्हणून मध्ये जाहिरात नाही. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलाही परवानगी नाही, त्यामुळे बोलण्याचा सगळा भार आकाशवाणीवर. मला मनापासून वाटतं की मराठीत असा एक रविवार असावा, पूर्ण दिवस, सकाळच्या घंटेपासून रात्रीपर्यंत, ज्यात शेतकरी, कीर्तनकार, मालवणी गजाली, आमच्या कोळणी, प्राध्यापक, सगळे एकामागून एक येऊन बोलतील. माणसं आपल्याकडे आहेत. बोलण्यात तर आपण कमी नाहीच.

आता शेवटचं. त्यांचा रविवार मध्यरात्रीनंतर पाऊण वाजता संपतो, शिपिंग फोरकास्टने, म्हणजे समुद्रावरच्या बोटींसाठी हवामान. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट असते, माझी लोकलला निघायची तयारी चाललेली. एक आवाज ३१ समुद्रभागांची नावं ओळीने वाचतो, व्हायकिंग, फॉर्टीज, डॉगर, थेम्स, डोव्हर, आणि प्रत्येकाचा वारा (जोराच्या ठरलेल्या आकड्यांत), पाऊस, किती लांब दिसेल. कमीत कमी शब्द, ठरलेला क्रम. यातल्या एका भागाला २००२ मध्ये फिट्झरॉय नाव दिलं. १८५९ ला एक मोठं जहाज वादळात फुटून चारशेच्या वर माणसं बुडाली, तेव्हा या फिट्झरॉय साहेबांनी तारेने वादळाच्या सूचना पाठवायची आणि बंदरावर खूण चढवायची पद्धत बसवली. आपल्या बंदरांवर तीन नंबरचा बावटा लागला असं म्हणतात ना, तीच जात. आणि कोळी बांधवांनी समुद्रात जाऊ नये, हे वाक्य तर मी रेडिओवर ऐकतच मोठी झाले, ते लागलं की आमच्या घरात सगळे हातातलं काम सोडून थांबायचे.

बाबांना इंग्रजी येत नाही. पण सोमवारी पहाटे चहा घेऊन ते माझ्या शेजारी बसतात आणि ती नावं ऐकतात. गेल्या आठवड्यात म्हणाले, वारा किती सांगितला? म्हटलं आता सात आहे, आठ होणार, नंतर पाऊस.

म्हणाले, मग होड्या वर ओढून घ्या म्हणावं त्यांना.