धोंडूच्या नावावर तीन जेवणं

कथा सुचते कशी, असं मला पुष्कळदा विचारतात. कशीही सुचते. दादरच्या पुलावर सुचते, गाडी खोळंबली असताना सुचते, दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसल्यावर सुचते. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. सुचल्यानंतर तिचं काय होतं, ते मात्र सांगतो, आणि तेही एकाच कथेबद्दल, कारण तिचे सगळे खर्डे माझ्याकडे आहेत.

आपल्याकडे कथेला हंगाम असतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथालेखक शेतकऱ्यासारखा पावसाळ्यात राबतोय. तर जूनमध्ये एका संपादकांचा फोन आला. विषय काय, म्हणाले. मी सांगून टाकलं : लोअर परळला गिरणी पाडून मॉल उभा राहिलाय आणि त्याच्या दारात वॉचमन म्हणून उभा आहे तिथलाच जुना साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, धोंडू. संपादक खूश झाले. मीही झालो.

दोन पानं लिहिली आणि वाटलं, हे आपण कुठंतरी वाचलंय. कुठंतरी म्हणजे सगळीकडेच. मॉल चकचकत होता, धोंडू उसासे टाकत होता. म्हणून मागे जाऊन साचेखात्यातला प्रसंग घातला. धोंडू आणि त्याचा जोडीदार साच्यावर उभे राहून पानभर संपाची चर्चा करतात. ते पान परळच्या एका जुन्या विणकरांना वाचून दाखवलं, तर ते हसायलाच लागले. “अहो, साचे चालू असताना स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसे. आम्ही खुणांनी बोलायचो.” गेलं पान. त्यातली दोन वाक्यं फार छान जमली होती. अजून जीव हळहळतो.

मग अडलो डब्यापाशी. वॉचमन दुपारी डबा उघडतो. आत काय? मी सवयीनं ‘पोळीभाजी’ लिहिलं. पण हा माणूस कोकणातून एकटा आलेला, गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीनं झोपलेला. त्याला पोळी कोण घालणार? जवानीभर तो खानावळीत जेवला असणार. म्हणून चार ओळींपुरती खानावळवाली आणली, सरूबाई. ती आली आणि उठून जाईचना.

त्यात आला गिरणी कामगारांचा संप. १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. पण पगारच नसेल तर खानावळीचे पैसे कुठून येणार, हा हिशोब मी कधी केला नव्हता. सरूबाईनं उधारीची वही घातली. तिला स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणजे वही लिहायला कुणीतरी हवं. एवढ्या कारकुनी अडचणीपायी तिला सातवीतली मुलगी झाली. आणि तिसऱ्या खर्ड्यात ती मुलगीच गोष्ट सांगायला लागली.

शेवट मी ठरवून ठेवला होता. सरूबाई वही चुलीत घालणार. साक्षात अन्नपूर्णा! टाळ्यांचा शेवट. त्याच्या आदल्या प्रसंगात धोंडू गावी निघालाय, आणि आई मुलीला म्हणते, “त्याच्या नावावर तीन जेवणं लिही.”

“आये, तो तीस जेवला.”

“तीनच लिही. तीस बघितली तर लाजंनं परत यायचा नाय.”

हे वाक्य लिहून झालं आणि मी पेन खाली ठेवलं. माझ्या आराखड्यात ते कुठंच नव्हतं. ही बाई उदारही नव्हती आणि कठोरही नव्हती. गिऱ्हाईक परत यावं एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी तिनं गणितात पहिल्या येणाऱ्या पोरीला खोटं लिहायला लावलं होतं. आता चुलीला कथेत काही काम उरलं नाही. दुसरी पंचाईत अशी की तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. मग मुलीनं हिशोबाखाली रेघ कुठल्या तारखेला ओढायची? तिनं ओढली नाही. कथा तिथंच थांबली.

मॉल राहिला नाही, वॉचमनही नाही. पंचाईत झाली ती संपादकांची. चित्रकाराला विषय जूनमध्येच कळवलेला होता. अंक हातात आला तेव्हा सरूबाईच्या चुलीच्या डोक्यावर अर्धं पान काचेचा मॉल छापलेला! काही वाचकांनी त्यातलं प्रतीक फार आवडल्याचं कळवलं.

यंदाही त्यांचा फोन आला. मी म्हटलं, वरळीच्या बीडीडी चाळीवर आहे. पुनर्विकासात १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० फुटांच्या घरात गेलेलं एक म्हातारं जोडपं, त्यांना रात्री एकमेकांचा खोकला ऐकू येत नाही.

“नक्की ना?” ते म्हणाले. “चित्र काढायला सांगू?”

मी म्हटलं, “खोकल्याचं काढू नका. थोडं थांबा.”