विशीतलं ऑपरेशन आणि लग्नाची घाई

मित्रहो, आणि मागे बसलेल्या आईवडिलांनो, बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे वजन उतरवण्यासाठीचं ऑपरेशन, हे चरबी काढणं नव्हे. ते लायपोसक्शन. आपण बोलतोय ते जठराच्या ऑपरेशनबद्दल. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा बाहेर काढतात. भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथेच तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूकच लागत नाही असं मुलं सांगतात. ‘बायपास’मध्ये जठराची लहान पिशवी करून ती लहान आतड्याला खाली जोडतात. मधला टप्पा अन्न ओलांडूनच जातं.

‘तोंडावर ताबा नाही म्हणून ऑपरेशन,’ असं काका-मावश्या म्हणतात. मी आहारतज्ज्ञ, तेव्हा माझंही तेच मत असेल असं त्यांना वाटतं. तसं ते नाही. अमेरिकेतल्या ‘टीन-लॅब्ज’ अभ्यासाचे बायपासनंतरच्या पाच वर्षांचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ज्यांना आधी टाइप २ मधुमेह होता, त्यांपैकी किशोरवयात ऑपरेशन झालेल्या ८६ टक्क्यांचा मधुमेह ओसरलेला होता, प्रौढपणी झालेल्यांत ५३ टक्क्यांचा. अठराव्या वर्षीच साखर चढलेल्या मुलाला ‘थांब, जरा मोठा हो’ म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

पण त्याच अभ्यासात दुसरा आकडा आहे. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा शरीरातला लोहाचा साठा किशोरवयीनांपैकी ४८ टक्क्यांत कमी भरला, प्रौढांत २९ टक्क्यांत. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि बायपासमध्ये वगळला जातो तोच. त्यात मुलगी, दर महिन्याची पाळी, घरात शाकाहार. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे सगळं आयुष्यभर घ्यायचं. पन्नाशीतला माणूस गोळ्यांचा डबा भरून ठेवतो. वसतिगृहातली पोरगी तिसऱ्या महिन्यात विसरते.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलींच्या आया पहिल्याच भेटीत सांगतात, ‘यंदा स्थळं बघतोय.’ हिशेब मांडू. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, कारण वजन झपाट्याने उतरत असतं आणि बाळाला पोषण पुरत नाही. आपल्याकडे लग्नाला वर्ष झालं नाही तोच ‘काही बातमी?’ सुरू होतं. शिवाय पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार, असलेल्या मुलीचं वजन उतरलं की बीजनिर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते, म्हणजे दिवस नको असताना राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. यातलं होणाऱ्या नवऱ्याला आणि सासूला कोण सांगणार? तारीख ठरवून ऑपरेशन उरकणाऱ्या घरात हा प्रश्न कुणी काढत नाही, आणि मुलीला तर कुणी विचारतच नाही.

पैशाचं थोडक्यात. विम्यातून खर्च मिळायला विमा नियामकाच्या नियमांत वय १८ पूर्ण आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त हवा. अनियंत्रित मधुमेहासारखा ठरावीक आजार असेल तर ३५ चालतो. पाच फूट चार इंच उंचीला ३५ म्हणजे साधारण ९२ किलो. त्याआधी बिनऑपरेशनचे उपाय करून झालेले असावे लागतात, तेव्हा त्यांचे कागद जपून ठेवा. आणि सर्जनला विचारा की पाचव्या वर्षी माझ्या रक्ताचे रिपोर्ट कोण बघणार. ‘तेव्हाचं तेव्हा’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.