दाखल्याचा दाखला

पत्रिकेत माझ्या भाषणाचं नाव ‘एक्सएमएल क्वेरींचं सुलभीकरण’ असं भारदस्त छापलंय. एक्सएमएल म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याला टॅग, म्हणजे नावाचं लेबल, लावून तुकडे झाडासारखे एकाखाली एक रचायची पद्धत; क्वेरी म्हणजे त्यातून हवं ते मागणारा प्रश्न. चाळीस मिनिटांतली दहा प्रोजेक्टरनेच खाल्ली, तेव्हा आता फळा आणि खडू. टॅग मराठीत लिहिणार आहे. चालतात बरं का! १९९८ साली एक्सएमएल आलं तेव्हापासून देवनागरी नावं कायदेशीर आहेत. वापरत मात्र कुणी नाही, म्हणजे आपण. (हशा)

आधी एक गाऱ्हाणं. भाचीच्या शिष्यवृत्तीसाठी मी एका कचेरीत गेलो होतो. उत्पन्नाचा दाखला जवळ होता, तहसीलदारांच्या सहीचा. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “तलाठ्याचा अहवाल?” म्हटलं, “मॅडम, तो बघूनच तर हा दाखला दिलाय.” “असेल हो, पण यादीत आहे ना.” दुसऱ्या दिवशी तलाठी भाऊसाहेब पंचनाम्याला गेलेले. तिसऱ्या दिवशी अहवाल मिळाला, तर झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ शिक्का नाही. शिक्का शोधायला आणखी एक दिवस. चौथ्या दिवशी बाईंनी तो कागद घेतला आणि न वाचता दाखल्याच्या मागे टाचून टाकला. न वाचता! माझी रजा गेली त्याचं काही नाही. पण निदान नजर तरी टाकायची. (हशा) हसू नका, तुमच्या क्वेरीसुद्धा हेच करतात.

बघा, फळ्यावर लिहितो. ‘/’ म्हणजे थेट खाली, ‘//’ म्हणजे खाली कितीही खोल, आणि चौकोनी कंसात अट:

//बिल[.//ओळ][.//ओळ/दर]/एकूण

ज्या बिलात कुठेतरी ओळ आहे, आणि कुठेतरी दर असलेली ओळ आहे, त्याचं एकूण आण. अहो, दर असलेली ओळ सापडली म्हणजे ओळ सापडलीच की! पहिली अट म्हणजे तलाठ्याचा अहवाल. एका प्रकल्पात मी हुबेहूब असली क्वेरी पाहिली आहे. एक अट एकाने घातली, दुसरी त्याच्या जागी आलेल्याने, आणि जुनी काढायची कुणाची छाती झाली नाही. रात्री लावलेला रिपोर्ट सकाळच्या चहापर्यंत फिरतच असायचा, आणि साहेब नव्या सर्व्हरचं कोटेशन मागवून बसलेले.

तर पहिली अट खोडली. आता स्कीमा काढा, म्हणजे कुठल्या टॅगखाली काय यायला हवं याची नियमावली. त्यात लिहिलंय, प्रत्येक ओळीला दर हवाच. म्हणजे ‘/दर’ गेलं. प्रत्येक बिलात किमान एक ओळ हवी. म्हणजे राहिलेली अटही गेली. खातेवही हे झाडाचं मूळ, आणि बिल फक्त तिच्या थेट खाली येतं, दुसरीकडे कुठेच नाही. मग सुरुवातीचं ते ‘//’, म्हणजे अख्खं झाड हुडकणं, कशाला?

/खातेवही/बिल/एकूण

उत्तर तेच. फक्त डेटा खरोखर स्कीमाप्रमाणे असला पाहिजे; तो तपासलेला नसेल तर हे खोडरबर हातात घेऊ नका.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, मग पळत सांगतो.

२००१ मध्ये चार संशोधकांनी, त्यात लक्ष्मणन आणि दिवेश श्रीवास्तव ही आपल्याकडची नावं, दाखवलं की फांद्या, म्हणजे कंसातल्या अटी, आणि ‘//’ असलेल्या अशा क्वेरीचं सर्वांत लहान रूप एकच असतं आणि ते झटपट काढता येतं. २००२ मध्ये मिकलाऊ आणि सुचिऊ यांनी त्यात ‘*’ घातला, म्हणजे ‘कुठलाही टॅग’. फांदी, ‘//’, ‘*’ यांतले कुठलेही दोन असतील तर एक क्वेरी दुसरीत सामावते का, म्हणजे पहिलीचं प्रत्येक उत्तर दुसरीतही येतंच का, हे लवकर कळतं. तिन्ही एकत्र आले की प्रश्न को-एनपी-कम्प्लीट, म्हणजे दरवेळी झटपट सोडवायची रीत कुणालाच ठाऊक नाही असा. त्याच वर्षी गॉटलोब, कोख, पिखलर यांनी तेव्हाच्या इंजिनांची, म्हणजे क्वेरी चालवणाऱ्या प्रोग्रामांची, फजिती दाखवली. एका बापाला दोन मुलं. मुलाकडून बापाकडे, बापाकडून पुन्हा मुलांकडे, असं क्वेरीत लिहीत जा. दर फेरीला काम दुप्पट. वीस फेऱ्यांत १० लाखांवर, आणि झाडात नोड, म्हणजे टॅग लावलेले तुकडे, मोजून तीन! इलाज साधा: प्रत्येक पायरीनंतर आलेले नोड संच म्हणून धरा, दुबार आलेले गाळा.

इंडेक्सचं, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून आधीच करून ठेवतात त्या सूचीचं, राहिलंच. ते चहाच्या टेबलावर विचारा, खडू मी बरोबर घेतोय.