सुजलेला सांधा, मलावीतलं जिल्हा रुग्णालय आणि एक सुई

नमस्कार. आफ्रिकेतल्या मलावी देशात, जिल्हा रुग्णालयात सांधा सुजलेला पेशंट येतो, तेव्हा त्याला काय झालंय हे कसं ओळखायचं, ते आज बघू.

तिथे एमआरआय नाही, सांध्यांचा तज्ज्ञ नाही, बहुतेक वेळा हाडांचा सर्जनही नाही. पेशंट बघतो तो क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेला, पण पेशंट तपासायचं प्रशिक्षण घेतलेला माणूस. लॅबमध्ये साधा मायक्रोस्कोप असतो, बऱ्याच ठिकाणी टीबीसाठी जीनएक्सपर्ट मशीन. एवढ्यावर पुष्कळ कळतं. फक्त अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी सांध्यातलं पाणी काढलेलं हवं.

चूक बहुधा त्याच्याही आधी होते. पावसाळ्याचे दिवस, म्हणजे तिथे नोव्हेंबर ते एप्रिल. दीड वर्षाचं मूल, ताप. मलेरियाची रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह येते, गोळ्या मिळतात, मूल घरी जातं. पण पोर एक हात हलवत नाही, हे आईने सांगितलेलं असतं. ही टेस्ट ज्या प्रथिनावर चालते, ते मलेरिया बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. आणि मलेरिया खरोखर असला तरी त्याने एकटा खांदा सुजत नाही. मलावीत लहान मुलांच्या खांद्यात पू होणं नेहमीचं आहे. त्यामागे पुष्कळदा साल्मोनेला हा जंतू असतो. टायफॉइडचा नव्हे, दुसऱ्या प्रकारचा. मलेरिया, रक्तक्षय, कुपोषण यांनी मूल खचलं की तो रक्तात शिरतो. म्हणून ताप आलेल्या प्रत्येक मुलाचे खांदे, कोपर, खुबे, गुडघे हलवून बघायचे. मलेरियाची टेस्ट काहीही म्हणो.

आता पाणी काढणं. गुडघा धरू, तो सगळ्यात सोपा.

(गुडघ्याचं मॉडेल जवळ घेऊन)

पेशंट उताणा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल. ही वाटी. तिच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून एक सेंटिमीटर वर आणि एक सेंटिमीटर बाहेर खूण करा. पोव्हिडोन आयोडीन लावा आणि ते वाळू द्या. ओलं असतानाच सुई घालायची घाई करू नका. जागा बधिर करायला एक टक्का लिग्नोकेन दोन-तीन मिली. मग मोठ्या माणसाला 18 गेजची सुई, मुलाला 20 किंवा 21 (गेजचा आकडा लहान, तितकी सुई जाड). सुईची दिशा वाटीच्या मागच्या पोकळीकडे, आत जाताना सिरिंज हलकी ओढत राहायची. घट्ट पू बारीक सुईत अडकतो आणि सांधा कोरडा आहे असं वाटतं, म्हणून जाड सुई. दुसऱ्या हाताने गुडघ्याच्या विरुद्ध बाजूने दाबलं की पाणी सुईकडे येतं. वरच्या कातडीलाच संसर्ग असेल तर त्यातून सुई घालायची नाही, जागा बदलायची. आणि पाणी काढलं की गुडघ्याला सवय लागते, हे आपल्याकडेही ऐकू येतं. तसं काही नसतं. पाणी पुन्हा भरतं ते मूळ आजारामुळे.

आता ते पाणी काचेच्या नळीत घेऊन मागे छापील कागद धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर सूज बहुधा झिजेची किंवा मुक्या माराची. अक्षरं दिसत नसतील तर संसर्ग, संधिवात किंवा गाउट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारी सूज). मार लागल्यावर रक्त आलं आणि त्यावर चरबीचे थेंब तरंगत असतील, तर सांध्याच्या आत हाड मोडलंय.

लॅबला एक गोष्ट बजावून सांगायची. पेशी मोजताना रक्तासाठीचं ॲसेटिक ॲसिडचं द्रावण वापरू नका. त्याने सांध्यातलं पाणी गोठतं आणि मोजणी फसते. सलाइनमध्ये पातळ करा. दर मायक्रोलिटरला 50,000 च्या वर पांढऱ्या पेशी आल्या तर पू समजूनच चालायचं. त्याहून कमी आल्या म्हणून पू नाही, असं मात्र नाही. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून मायक्रोस्कोपखाली बघणं, तोही अनेकदा रिकामा येतो, त्यावर विसंबू नका. कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून ओळखायची सोय असेल तर पाणी पलंगाजवळच ब्लड कल्चरच्या बाटलीत घाला, जंतू वाढण्याची शक्यता वाढते. गाउटसाठी ध्रुवीकरण करणाऱ्या फिल्टरचे दोन तुकडे पुरतात. एक मायक्रोस्कोपच्या दिव्यावर, दुसरा स्लाइडच्या वर. वरचा फिरवत सगळं काळोखं झालं की युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडचे, सुईसारखे स्फटिक चमकतात.

पू असेल तर औषध आणि निचरा दोन्ही लागतात. मुलांना क्लॉक्सासिलिन; साल्मोनेलाची शंका किंवा सिकलसेल असेल तर सेफ्ट्रिॲक्सोन, किलोला 80 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. एकूण साधारण तीन आठवडे, मोठ्यांना चार ते सहा. मुलांच्या खांद्याबद्दल मलावीत झालेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सांधा उघडून धुण्याचा, सुईने पू काढण्यापेक्षा जास्त फायदा त्यात दिसला नाही. जिथे सर्जन नाही तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. खुब्याला मात्र हे लागू करू नका. तिथे पुवाचा दाब वाढला की मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून मूल त्याच दिवशी ऑपरेशनला पाठवायचं.

एकच सांधा, फारसा गरम नाही, महिनोन्‌महिने सुजलेला, मांडी बारीक झालेली, असं असेल तर टीबी आठवा. पाणी जीनएक्सपर्टला लावा, निकाल दोन तासांत येतो. निगेटिव्ह आला तरी टीबी सुटत नाही, तपासायला सांध्याच्या अस्तराचा तुकडा लागतो. हाडा-सांध्याच्या टीबीला सहा महिने पुरे धरायचे नाहीत. मुलांना जागतिक आरोग्य संघटना 12 महिने सांगते. टीबीच्या औषधांतल्या पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं, तेव्हा नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर गाउटचा शिक्का मारू नका. एचआयव्हीची तपासणी तर प्रत्येकाची. त्या संसर्गात गुडघे-घोटे सुजून काही आठवड्यांत आपोआप उतरतातही. पण तसं म्हणायच्या आधी सांध्यात पू नाही याची खात्री करून घ्या.

पू काढल्यावर गुडघा जवळजवळ सरळ ठेवून मागून प्लास्टरची पट्टी. दुखणं उतरू लागलं की ती रोज सोडून गुडघा हळूहळू वाकवायला लावा, पहिल्या आठवड्यातच. बांधून ठेवलेला गुडघा आखडतो, आणि पाण्याच्या बादल्या डोक्यावरून आणणाऱ्या बाईला आखडलेला गुडघा परवडत नाही.