घाट उतरल्यावर सुरू होणारा चढ

कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी सायकलवरून मालवणला जाऊन आल्याचे सांगितले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढा घाट कसा काय चढलात?" गेली अठरा वर्षे मी हा प्रश्न ऐकतो आहे. प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्यात भूगोलाचा एक गैरसमज आहे, आणि आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या गैरसमजाविषयी आहे. कोल्हापूरहून कोकणात जाताना घाट चढावा लागतच नाही. आपले शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर वसलेले आहे आणि घाटमाथ्यावरचे गगनबावडा त्याहून फार तर शे-दीडशे मीटर उंच. ही उंचीही एकदम गाठावी लागत नाही. फुलेवाडी सोडून बालिंग्याचा पूल ओलांडला, कळे मागे पडले, की साळवण, असळज करीत सुमारे ५५ किलोमीटरांत रस्ता इतक्या हळूहळू वर सरकतो, की पायांना त्याची खबर शेवटच्या काही किलोमीटरांतच लागते.

याचे कारण शेजारून वाहणाऱ्या कुंभी नदीत आहे. सह्याद्री ही दोन्ही अंगांनी सारख्या उताराची डोंगररांग नव्हे. तो पठाराचा तुटलेला पश्चिमेकडचा काठ आहे. म्हणून कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती या आपल्या नद्या अरबी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उगम पावूनही समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहतात, पंचगंगा होऊन नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतात आणि थेट बंगालच्या उपसागराला जातात. सायकलस्वार या नदीच्या काठाकाठाने उलट दिशेने, तिच्या उगमाकडे जात असतो. पाण्याने सावकाश कोरलेल्या खोऱ्यातून जाणारा रस्ता अंगावर येत नाही. मोटारीतून जाताना हे कधीच जाणवले नसते. कळ्यापाशी रुंद दिसणारी नदी गगनबावड्याच्या अलीकडे ओढ्याएवढी झालेली पाहिली, तेव्हाच मला आपण काठावर येऊन पोहोचलो आहोत, हे खऱ्या अर्थाने समजले.

पावसाचा हिशेबही हाच काठ ठरवतो. कोल्हापूर शहरात वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्याच ५५ किलोमीटरांवरच्या गगनबावड्यात तो पाच-सहा पट असतो, कारण समुद्रावरून आलेले ढग या भिंतीवर चढताना थंड होतात आणि बहुतेक पाणी तिथेच टाकून हलके होऊन आपल्याकडे येतात. जून ते ऑगस्ट या काळात घाटात सायकल घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दरडी, शेवाळ आणि दहा हातांवरचे न दिसू देणारे धुके यांत शौर्य दाखवण्यासारखे काही नसते. सप्टेंबरअखेरीस सडे, म्हणजे माथ्यावरची खडकाळ पठारे, फुललेले असतात आणि पाऊस ओसरत असतो, तेव्हा एकदा, आणि मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत केव्हाही जावे.

नोव्हेंबरनंतर मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, आणि ती बाहेरगावच्या सायकलस्वारांना कोणी सांगत नाही. आपल्याकडे तेव्हा गळीत हंगाम सुरू असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय उभे असतात, ट्रॉलीच्या बाहेर हातभर ऊस लोंबत असतो आणि रस्त्यावर पडलेली कांडी चाकाखाली आली तर सायकल कोणत्या बाजूला जाईल याचा नेम नसतो. घाटातल्या वळणांपेक्षा या मैदानी टप्प्यातच मी अधिक वेळा पडलो आहे. ट्रॉलीला ओलांडताना ती वळणार नाही याची खात्री करून घ्यावी, कारण चालकाला गाण्याच्या आवाजात तुमची घंटा ऐकू येणे शक्य नसते.

गगनबावड्यात रस्ता फुटतो. डावीकडचा करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, उजवीकडचा भुईबावडा घाटाने खारेपाटणच्या दिशेला जातो. करूळचे काँक्रीटीकरण चालू असताना २०२४ मध्ये तो दीर्घकाळ बंद होता आणि तेव्हा सगळी वर्दळ भुईबावड्याच्या अरुंद वळणांवर आली होती. म्हणून निघण्यापूर्वी कोणता घाट चालू आहे याची चौकशी करणे हा शहाणपणाचा भाग आहे. दोन्हींपैकी कोणताही घ्या, दहाएक किलोमीटरांत आपण पाचशे मीटरांहून अधिक खाली येतो.

उतार म्हणजे फुकटची मौज, असे वाटणारा मीही एक होतो. पहिल्या वेळी मी दोन्ही ब्रेक सतत दाबून धरून करूळ उतरत होतो, आणि मधल्या एका वळणावर फटाका फुटावा तसा आवाज होऊन मागची ट्यूब फुटली. सायकल कठड्याला घासत थांबली. रिमला हात लावला तर चटका बसला. त्या दिवशी घरी आल्यावर मी वहीत हिशेब मांडला. मी, सायकल आणि सामान मिळून ९० किलो वजन. ते ५५० मीटर खाली येताना जवळजवळ ४,८५,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. हवेचा विरोध त्यातला काही भाग खातो, पण जो सावकाश उतरतो त्याची बहुतेक ऊर्जा ब्रेकच्या रबरातून रिममध्ये जाते. एवढ्या उष्णतेत जवळपास दीड लिटर गार पाण्याला उकळी येईल. दोन पातळ रिमांवर दीड लिटर पाण्याचा बंब पेटवायचा आणि आतल्या ट्यूबने शांत राहावे अशी अपेक्षा ठेवायची, हे काही न्यायाचे नाही.

तेव्हापासून मी वळणापूर्वी जोराने, पण थोडा वेळ ब्रेक लावतो आणि सरळ टप्प्यात तो पूर्ण सोडून देतो, म्हणजे वारा रिमला थंड करतो. दर तीन-चार किलोमीटरला थांबतो. डिस्क ब्रेक असलेल्या सायकलीत ट्यूबवर ही आपत्ती येत नाही, परंतु तिथेही सतत दाबून धरलेला ब्रेक ऐनवेळी ढिला पडू शकतो. आणखी एक नियम, जो मोटारवाल्यांनाही आठवत नाही: अरुंद घाटरस्त्यावर खालून वर येणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. वर येणारी एस.टी. दिसली की आपण बाजूला थांबावे. त्यात कमीपणा नाही, आणि चालक बऱ्याचदा हात वर करून जातो.

वैभववाडीला पोहोचल्यावर सायकलस्वाराला वाटते, आता समुद्रापर्यंत सपाटी. सर्वांत मोठी फसगत इथे होते. तळेऱ्याला महामार्ग ओलांडून विजयदुर्गच्या रस्त्याला लागलो, की पहिल्या अर्ध्या तासातच तिसऱ्यांदा लहान गिअर टाकावा लागतो. पुढे विजयदुर्ग ते देवगड आणि देवगड ते मालवण हा मिळून ऐंशी-नव्वद किलोमीटरांचा किनारी प्रवास केला, तर दिवसभरात चढलेल्या उंचीची बेरीज करूळ घाटाच्या दुपटीच्या घरात जाते. पण ती एका ठिकाणी नसते. पन्नास मीटर वर, साठ मीटर खाली, पुन्हा सत्तर मीटर वर, अशी ती सुट्ट्या पैशांसारखी खर्च होत जाते, आणि सायंकाळी खिसा रिकामा झाल्यावर कळते.

या जमिनीची घडण समजून घेतली तर राग येत नाही. किनाऱ्यालगत जांभ्या दगडाचे सडे पसरलेले आहेत, वरून टेबलासारखे सपाट आणि उन्हाळ्यात करपलेले. सह्याद्रीतून आलेल्या नद्यांनी हे सडे आडवे चिरून समुद्र गाठला आणि त्यांच्या मुखाशी खाड्या झाल्या: वाघोटनची, देवगडची, आचऱ्याची, मालवणजवळ कोळंबची, तारकर्लीजवळ कर्लीची. गावे, माड आणि पाणी खाली खाडीकाठी. सडे मात्र बहुतांशी ओसाड, वर एखादी चिरेखाण आणि दूरवर काजूच्या बागेतला मांगर, म्हणजे राखणीची खोपी. रस्ता सड्यावरून गावात कोसळतो, पूल किंवा साकव ओलांडतो आणि पलीकडच्या सड्यावर तितक्याच निर्दयपणे चढतो. घाटरस्ते आखताना चढाचे प्रमाण ठरवलेले असते. गाववाटांचे पुढे डांबरी रस्ते झाले, तेव्हा त्या वाटेला असे काही विचारले गेले नव्हते. सायकलवरून उतरून ढकलत जाण्याची वेळ माझ्यावर घाटात क्वचित आली, मिठबावच्या आसपास मात्र नेमाने येते.

मुळात किनाऱ्याला समांतर जमिनीवरून जाणे हीच नवी गोष्ट आहे. कोकणातला माणूस उत्तर-दक्षिण जायचा तो गलबतातून, पडावातून. जमिनीवरच्या जुन्या वाटा जात त्या पूर्व-पश्चिम, खाडीच्या टोकाच्या बंदरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत आणि तिथून बैलांच्या पाठीवर माल लादून देशावर. खारेपाटण हे तसे बंदर, वाघोटनच्या खाडीत पार आत. तिथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इ.स. १००८ चा आहे. याच शिलाहारांची दुसरी शाखा आपल्याकडे राज्य करीत होती, हा काही योगायोग म्हणता येणार नाही, कारण दोन्ही राज्यांना जोडणारी दोरी हे घाटच होते. मीठ, सुकी मासळी, नारळ वर येत आणि धान्य, गूळ खाली जाई. म्हणजे आजचा सायकलस्वार किनाऱ्याने मालवणला जातो, तेव्हा तो सगळ्या जुन्या वाटांना आडवा छेदत असतो, आणि जमीन त्याला दर खाडीवर याची आठवण करून देते.

कोल्हापूरकरांचे मालवणशी नातेही त्याच जुन्या दोरीतले. १६६४ साली शिवाजी महाराजांनी काम सुरू केलेला सिंधुदुर्ग आणि मालवणचे बंदर पुढे करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, छत्रपतींकडे होते, आणि १८१२ च्या तहात ते इंग्रजांकडे गेले. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि आपल्या व्यापाराने पश्चिमेकडचे तोंड पूर्वेकडे वळवले. घाट राहिले ते सहलीचे आणि मासळीच्या गाड्यांचे.

किनाऱ्यावरच्या दमटपणाविषयी एवढेच सांगतो, की तिथे घाम वाळत नाही, म्हणून शरीर थंड होत नाही. देशावर चालणारा वेग तिथे चालत नाही. अकरा वाजता सावली धरावी, तीनला निघावे. कोकम सरबत मीठ घालून मागावे. आणि निघण्याच्या दिवशी सकाळी मिसळ खाऊ नये, हे मी कोल्हापुरात उभे राहून सांगतो आहे याची मला कल्पना आहे.

परतीचा खरा चढ. तो मी फोंडा घाटाने करतो, कारण तो माथ्यावर थेट दाजीपूरच्या जंगलात नेऊन सोडतो. हे जंगल एकेकाळी संस्थानची शिकारीची राखीव जागा होती. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य झाले आणि आज राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचे क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जो भाग जागतिक वारसा यादीत गेला, त्यात याचाही समावेश आहे. मुख्य रस्ता सोडून आत जायचे तर वनखात्याची परवानगी लागते आणि ती न घेता कोणी जाऊ नये. पण रस्त्यावरूनसुद्धा, चढाच्या संथ वेगामुळे, जंगल ऐकू येते. शेकरूची खडखडाट करणारी ओरड, धनेशाच्या पंखांचा वाफेच्या इंजिनासारखा आवाज हे मोटारीत काच लावून बसलेल्या माणसाच्या वाट्याला येत नाही.

गवा मात्र सायकलस्वाराला ऐकू येईलच असे नाही. सायकलचा आवाज नसल्याने आपणही त्याला ऐकू जात नाही, आणि दोघेही एकदम समोरासमोर येतो. एका डिसेंबरात सकाळी वळणावर वीसेक पावलांवर एकटा नर उभा होता. मी पाय टेकले, सायकल माझ्या आणि त्याच्या मध्ये आडवी धरली आणि उभा राहिलो. त्याने बराच वेळ पाहिले, फुरफुरला, आणि कारवीच्या झुडपांत शिरला. कळपापेक्षा असा एकटा गवा अधिक बेभरवशाचा असतो. घंटा वाजवू नये, मोबाइल काढण्यासाठी पुढे सरकू नये. पहाटे आणि तिन्हीसांजेला या टप्प्यात नसावेच, म्हणून मी फोंड्यातून उजाडल्यावर निघतो, भल्या पहाटे नाही, जरी त्यामुळे चढाचा उत्तरार्ध उन्हात करावा लागतो.

त्या चढासाठी लागणाऱ्या शिदोरीचाही हिशेब करता येतो. उतरताना जे ४,८५,००० ज्यूल मोकळे झाले, तेवढेच आता स्नायूंनी द्यायचे. खाल्लेल्या अन्नातली जेमतेम चौथाई ऊर्जा पेडलपर्यंत पोहोचते, बाकीची उष्णता होते. म्हणजे नुसत्या उंचीसाठी साधारण ४६० कॅलरी लागतात, आणि त्या सव्वाशे ग्रॅम गुळात असतात. मी कॅरिअरच्या पिशवीत गुऱ्हाळावरून आणलेला गुळाचा खडा आणि शेंगदाणे ठेवतो. तो खडा कोल्हापुरातून निघतो, करूळ उतरतो, किनारा पाहतो आणि बहुतेक वेळा फोंड्याच्या वरच्या वळणांत संपतो.

दाजीपूरहून पुढे रस्ता राधानगरीच्या जलाशयाच्या अंगाने उतरतो. शाहू महाराजांनी भोगावतीवर ज्या धरणाची उभारणी सुरू केली, त्याच्या लक्ष्मी तलावाचे पाणी डाव्या-उजव्या हाताला झाडांतून दिसत राहते. तिथून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर आणि नदीबरोबर उताराचे. पण हिवाळ्यात समोरून पूर्वेचा वारा लागतो, आणि त्या उतारावरही पेडल मारीतच यावे लागते. पहिल्यांदा मला याचे वाईट वाटले होते. हल्ली मी राधानगरीत चहा घेतो, पाठीवरच्या पिशवीतला उरलेला ओला टॉवेल कॅरिअरला बांधून टाकतो, आणि घरी पोहोचेपर्यंत तो वाळलेला असतो.